जमा आणि भरणा

खालेदचे ‘दीदी’ मी पहिल्यांदा ऐकले ते नव्वदच्या दशकात, शेजाऱ्यांच्या केबलवर. अरबी शब्द कळले नाहीत. पण दिवसभर बँकेत आकडेमोड करून दमलेल्या माझ्या पायांनी ठेका धरला.

अल्जेरियातल्या ओरान शहरात १९६० साली जन्मलेला हा गायक ‘राय’ गातो. राय म्हणजे मत. हिंदीतली ‘राय’ याच अरबी शब्दावरून आली. प्रेमाबद्दल, मद्याबद्दल आडपडदा न ठेवणारे हे गाणे सरकारी रेडिओने वर्षानुवर्षे दूर ठेवले. १९८५ साली ओरानमध्ये रायचा पहिला महोत्सव झाला खरा. पण खालेद पुढे फ्रान्सला गेला आणि १९९२ च्या ‘दीदी’ने जगाचा झाला. मायदेशी राहिलेला चेब हसनी मात्र १९९४ साली ओरानमध्येच गोळ्यांना बळी पडला. वय अवघे २६.

२०२२ साली युनेस्कोने रायला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आनंदच आहे. पण खात्यावरची जमा पाहताना भरणा कोणी केला, हेही पाहावे, असे बँकेने मला शिकवले. रायच्या या मानात हसनीच्या प्राणांचाही भरणा आहे. आपल्या गल्लीतले एखादे गाणे ‘उथळ’ म्हणून झिडकारण्याआधी आपण एवढे आठवावे.