लाइट गेली, झोपलेला पीसीही गेला

मोहन्याहून आंबिवली स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची, कल्याणला लेक्चरला पोचायचं. या घाईत घरचा डेस्कटॉप नीट बंद करत कोण बसतो? प्रोजेक्टची फाइल उघडी, क्रोममध्ये वीस टॅब, 'स्लीप'वर क्लिक केलं की पळायचं. संध्याकाळी येऊन बटण दाबलं तर विंडोज पहिल्यापासून सुरू होतं आणि सेव्ह न केलेली पानं गायब. मग ग्रुपवर सल्ला येतो, 'फॉरमॅट मार, होईल नीट.'

दोस्तांनो, फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा. यात बिघाड बहुतेक वेळा नसतोच.

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखा सगळं थांबतं, पण तुमचं उघडं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला थोडी का होईना, वीज सतत लागते. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो निभावतो. डेस्कटॉपला आधार फक्त भिंतीतल्या प्लगचा. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली, पावसात फीडर ट्रिप झाला, किंवा आईने बोर्डावरचं बटण बंद केलं, की रॅम कोरी. एक्सपीच्या काळात यालाच 'स्टँडबाय' म्हणत. नाव बदललं, गोष्ट तीच राहिली.

'हायबरनेट'मध्ये तेच काम डिस्कवर लिहिलं जातं, त्यामुळे प्लग काढला तरी ते टिकतं. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून दोन्हींचा मिलाफ मिळतो, 'हायब्रिड स्लीप'. काम रॅममध्येही राहतं आणि डिस्कवरही. वीज टिकली तर पीसी चटकन उठतो, गेली तर डिस्कवरून उठतो. हे मुळात डेस्कटॉपसाठीच केलेलं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्लीप' उघडा, 'अलाउ हायब्रिड स्लीप' ऑन करा. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही. तिथे सरळ हायबरनेट वापरा. सी ड्राइव्हवर काही जीबी जागा जाते, जाऊ दे.

उलटी तक्रारही असते: पीसी झोपतच नाही, किंवा रात्री दोनला आपोआप जागा होतो. इथे अंदाज बांधत बसू नका, मशीनलाच विचारा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'पॉवर' आणि त्याला जोडून सी-एफ-जी ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा, मग स्पेस, स्लॅश आणि 'रिक्वेस्ट्स'. झोपू न देणारा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर बहुधा तिथेच सापडतो. कधी तो मागे चालू राहिलेला व्हिडिओ असतो. 'रिक्वेस्ट्स'च्या जागी 'लास्टवेक' एका शब्दात लिहिलंत, तर शेवटचं कुणी उठवलं ते कळतं. बऱ्याचदा गुन्हेगार माउस असतो. टेबलावरून मांजर गेलं तरी पीसी जागा! डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन उठवण्याच्या परवानगीची टिक काढा, कीबोर्डची राहू द्या.

यात बिलाचाही प्रश्न आहे. समजा, मॉनिटर सोडून पीसी नुसता चालू असताना ६० वॉट खातो. रोज रात्री १२ तास तसाच राहिला, तर महिन्याला जवळपास २२ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणजे घरचं बिल त्या काठावर असेल तर हे २२ युनिट महागात पडतात. नीट झोपलेल्या पीसीला काही वॉटच लागतात.

तिसरा त्रास सगळ्यात चिडवणारा: पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून पाहा. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढ्यापुरता पुन्हा सुरू होतो. तेवढ्याने स्क्रीन आली तर संशय ड्रायव्हरवर. मशीन किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर जुन्यावर परत जा. एवढं करूनही जमलं नाही, तर दुकानात खुशाल न्या. पण 'झोपतो, उठत नाही, ड्रायव्हर बदलून पाहिला' असं नेमकं सांगा, आणि डेटाचा बॅकअप घेतल्याशिवाय सीपीयू त्यांच्या हातात देऊ नका.

आज रात्रीच एक चाचणी करा. खरं काम सेव्ह करून सगळं बंद करा. पेंट उघडून दोन रेघा ओढा, सेव्ह करू नका, पीसी स्लीपला टाका. दोन मिनिटं थांबून बोर्डावरचं बटण बंद करा, पुन्हा चालू करा आणि पीसी उठवा. रेघा जागेवर असतील तर उद्या स्लीपवर टाकून लोकल पकडायला हरकत नाही. नसतील, तर सेटिंग लागेपर्यंत निघताना शटडाउन.