फौजीच्या घरी जा, प्रश्न दिल्लीला विचारा

सीमेवर तणाव वाढला की पारावर लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, आता सोडू नका. दुसरी म्हणते, कशाला पाहिजे लढाई? ज्या घरातला पोरगा फौजेत आहे, ते घर मात्र गप्प असतं. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, आधी त्या घराकडे बघा.

लढाई तुम्हाला पटत नसेल, तरी जा. निर्णय बरोबर की चूक, ही चर्चा त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवा. जवानाच्या आईला "फोन आला का?" असंही विचारू नका. दिवसभर येणारा-जाणारा तेच विचारत असतो, आणि दर वेळी "नाही" म्हणताना तिचा जीव तुटतो.

त्यापेक्षा काम विचारा. सुनेला दवाखान्यात न्यायचंय का? लाइट रात्रीची आहे, मग उसाला पाणी कोण धरणार? तलाठ्याकडे काही अडलंय का? म्हातारा-म्हातारी स्वतःहून सांगणार नाहीत. तुम्हीच खोदून विचारा.

मोबाइल जपून वापरा. त्याची तुकडी कुठून कुठे हलली हे कळलं, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. स्टेटसला टाकू नका. कोणी शहीद झाल्याचा फोटो फिरत आला, तर तो पुढे पाठवू नका. अधिकृत निरोप पोचण्याआधी तो फोटो त्याच्या बायकोच्या हातात पडू शकतो.

आता प्रश्नांचं. ही लढाई कशासाठी, दुसरा मार्ग होता का, किती दिवस चालणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. "आता गप्प बसा" म्हणणारे भेटतील. त्यांना १९६२ सांगा. चीनशी लढाई चालू असतानाच नोव्हेंबरात संसद बसली आणि नेहरूंना खडे बोल ऐकावे लागले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण गेले. आपले जवान तेव्हा पुरेशा गरम कपड्यांशिवाय बर्फात उभे होते. तो प्रश्न कोणी वर्षभर आधी धसास लावला असता, तर जवानांचं भलंच झालं असतं.

कारगिलची लढाई २६ जुलै १९९९ ला संपली. तिसऱ्याच दिवशी संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली गेली. घुसखोरी वेळेवर का कळली नाही, हे तिने तपासलं. त्याने जवानांच्या शौर्याला काही उणेपणा आला नाही.

श्रीलंकेच्या वेळी मात्र आपलं चुकलं. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना तिथे गेली. शांतता राखायला गेलेल्यांना लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढावं लागलं. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. त्या निर्णयावर टीका करावी तेवढी थोडी. पण मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. सेनेने तिथल्या तमिळांवर अत्याचार केले, असं त्यांचं म्हणणं होतं. असे आरोप असतील, तर चौकशी झालीच पाहिजे. दोषी असेल त्याला शिक्षाही व्हावी. पण हुकूम आला म्हणून गेलेल्या सगळ्याच पोरांकडे पाठ फिरवणं मला पटत नाही. राग निर्णय घेणाऱ्यावर काढायचा असतो.

म्हणून प्रश्न योग्य दारात न्या. संरक्षण केंद्राच्या हाती आहे, तेव्हा खासदाराला लेखी पत्र द्या. तारीख घाला, सह्या घ्या, पोच घ्या. रजेवर आलेल्या जवानाला चावडीवर जाब विचारू नका. त्याला नोकरीच्या नियमांमुळे उत्तरही देता येत नाही.

लढाई थांबली की गर्दी पांगते. तुम्ही पांगू नका. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्या निधीला जमेल तेवढं द्या. गावात वीरपत्नी असेल, तर तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवायला मदत करा. मदतीची रक्कम जमा झाली की नात्यातले सल्लागार वाढतात. पैसे तिच्याच नावावरच्या खात्यात राहू द्यात, आणि कोऱ्या कागदावर तिला कुणाच्याही सांगण्यावरून सही करू देऊ नका.