उधारी द्या, पण पावतीवर

उधारीनं दुकान बुडतं, तेव्हा ती सरसकट बंद करा, असा सल्ला व्यापाऱ्यांना हल्ली उठसूट मिळतो. पगारदार गिऱ्हाइकांच्या गावात तो चालेलही. पण आपला अहमदपूर तालुका कोरडवाहू. इथं बी-खत जूनमध्ये लागतं, सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, तुरीचा संक्रांतीनंतर. मृगात रोखीचा हट्ट धरणारा कृषी सेवा केंद्रवाला गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात घालवतो, नाहीतर सावकाराच्या दारात.

‘लोकांची नियतच खोटी’ हा दुसरा आक्षेप तर उघड अन्याय आहे. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली होता. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वर्षी खातं थकलं, तर त्यात नियत खोटी कशी?

मग दुकानदारानं किती सोसायचं? प्रश्न रास्त आहे, घाऊक व्यापारी काही त्याच्यासाठी थांबत नाही. पण वही उघडून बघा. गावाचं नाव, ‘डीएपी दोन, पोरानं नेल्या’, एवढीच नोंद. भाव नाही, सही नाही. दिवाळीत बाप म्हणतो, एकच पोतं आलं होतं. भांडण तिथं लागतं आणि पैसा तिथंच बुडतो. नुसत्या वहीच्या नोंदीवर कोर्ट कुणाला देणेकरी ठरवत नाही. मुदत ठरलेली नसेल, तर मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. त्याआधी बाकी लेखी कबूल करून सही झाली, तर मुदत नव्यानं धरली जाते.

यावरचा उपाय नवा नाही. 1985 चा खत नियंत्रण आदेश प्रत्येक खरेदीदाराला रोखीची किंवा उधारीची पावती द्यायलाच सांगतो. ती द्या, स्थळप्रतीवर सही घ्या. सोयाबीनवर किती फेडायचं, तुरीवर किती, हे माल उचलतानाच लिहा. उधारीची मर्यादा माणसाच्या ओळखीवर नको, एकरावर ठरवा. पीक गेलं, तर बाकी पुढच्या हंगामावर ढकला, पण तीही लेखी.

आणि डीएपीच्या पोत्यावर 1,350 रुपये छापलेले असताना उधारीच्या नावाखाली वर पैसे लावणं, ही सरळ लूट आहे. ती करणाऱ्यानं गिऱ्हाइकाची नियत काढू नये.

व्यापारी बांधवांना विनंती आहे: येत्या मृगाआधी जुन्या बाक्यांवर सह्या घ्या. आणि शेतकऱ्यांनो, पावती हातात पडल्याशिवाय पोतं गाडीत टाकू नका.