कळपातली आजी आणि एकटा टस्कर

कुंभकोणमच्या आदि कुंभेश्वर मंदिरात येणाऱ्या लहान मुलांचं लक्ष आधी देवाकडे जात नाही, मंगळमकडे जातं. मंगळम ही मंदिराची हत्तीण. तंजावरच्या मराठेशाहीपासून या भागात राहिलेल्या मराठी घरांतली मुलंही तिला तमिळ मुलांइतक्याच हक्काने भेटतात. नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येईल. तमिळनाडूच्या देवळांत बहुतेक ठिकाणी हत्ती नसतो, हत्तीण असते. शेजारच्या केरळात मात्र उत्सवात मिरवतात ते सुळेवाले नर. तिथे माहुतांना एका गोष्टीची कायम धास्ती असते, ती म्हणजे मद.

वयात आलेल्या नर हत्तीला साधारण वर्षातून एकदा मद चढतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून चिकट स्राव गालावर ओघळतो, शरीरातलं नर संप्रेरक कित्येक पटींनी वाढतं आणि एरवी शांत असलेला हत्ती कुणाचंच ऐकत नाही. हे काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही चालतं. म्हणून रोज गर्दीत उभं राहायचं असेल तर हत्तीण बरी, असा हा साधा हिशोब आहे.

पण नर आणि मादी यांच्यातला फरक मदापुरताच नाही. कुंभकोणमच्या काठाने वाहणारी कावेरी वरच्या अंगाला हत्तींच्या जंगलातून येते. तिच्याच खोऱ्याच्या आसपास, सत्यमंगलम आणि बिळिगिरीरंगन डोंगरांच्या भागात, १९८०च्या दशकात रामन सुकुमार या तरुण अभ्यासकाने हत्तींचा माग काढला. सुकुमार चेन्नईचे आणि त्यांचे मार्गदर्शक आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ. दोघांचा निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच होता, पिकात शिरण्याबाबत नर आणि मादी वेगळे वागतात का?

उत्तर अगदी स्पष्ट होतं. कळपातल्या हत्तींच्या तुलनेत प्रौढ नर सुमारे सहापट जास्त वेळा शेतात शिरत होते.

असं का? शेतातली नाचणी, भात किंवा ऊस जंगली गवतापेक्षा कसदार असतो. थोड्या वेळात भरपूर पोषण मिळतं. पण तिथे माणसं असतात, फटाके असतात, विजेच्या तारा असतात, कधी बंदूकही असते. नराला हा धोका पत्करणं परवडतं. अंगाने मोठा आणि धष्टपुष्ट नरच मदात जास्त काळ टिकतो, दुसऱ्या नरांना हटवतो आणि त्यालाच पिल्लं होण्याची शक्यता जास्त. मादीचं गणित उलटं आहे. जवळजवळ बावीस महिने गर्भ वाढवायचा, पुढे काही वर्षं पिल्लू सांभाळायचं. तिने जीव धोक्यात घातला तर पिल्लूही जातं. ती भित्री नसते, तिच्याकडे गमावण्यासारखं जास्त असतं.

आता वयाकडे येऊ. हत्तीची मुलगी सहसा जन्मभर आई, मावश्या आणि बहिणींबरोबर राहते. मुलगा मात्र दहा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत हळूहळू कळपाबाहेर पडतो. एका अर्थाने सासरी जातो तो मुलगाच! मग तो एकटा फिरतो किंवा दुसऱ्या नरांची सोबत धरतो. निशांत श्रीनिवासय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की दक्षिण भारतात शेतीच्या पट्ट्यात वावरणारे तरुण नर मोठमोठ्या टोळ्या करून राहू लागले आहेत. धोक्याच्या जागी सोबत बरी वाटते, आणि मोठ्यांकडून शिकायलाही मिळतं.

मोठी माणसं नसतील तर काय होतं, याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. पिलानेसबर्गच्या अभयारण्यात अनाथ हत्ती आणून सोडले होते. त्यातले नर वयात आले आणि त्यांना फार लवकर, फार लांब मद चढू लागला. त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. मग १९९८ मध्ये तिथे सहा वयस्क नर आणले गेले. पोरांचा मद उतरला आणि गेंडे मरायचे थांबले.

आणि आजीचं महत्त्व? टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात १९९३ मध्ये भीषण दुष्काळ पडला. ज्या कळपांत वयस्क हत्तिणी होत्या, ते उद्यान सोडून बाहेर गेले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. जो कळप जागचा हलला नाही, त्याचं नुकसान मोठं झालं. अभ्यासकांच्या मते जुन्या दुष्काळाची आठवण असलेल्या हत्तिणींनाच कुठे जायचं हे माहीत असावं.

हे सगळं आपल्याही दाराशी आलं आहे. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात येऊ लागले. दोडामार्गच्या शेतकऱ्यांच्या केळी, नारळ, सुपारीच्या बागा त्यांनी झोपवल्या. तिथला ‘ओंकार’ नावाचा तरुण टस्कर कळपापासून वेगळा झाला आणि २०२५ मध्ये गोव्यातही जाऊन आला. लोकांना वाटलं, हा बिथरला. खरं तर या वयाचा नर घर सोडून नवा मुलूख शोधतो, हा त्याच्या जातीचा जुना नियमच आहे. यामुळे शेतकऱ्याचं नुकसान कमी होत नाही. भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. पण कुठला हत्ती का येतो हे कळलं तर उपायही नेमका करता येतो. एकट्या नराला एक उपाय लागेल, पिल्लं असलेल्या कळपाला दुसरा. आणि कुठलाही हत्ती असो, मोबाईल घेऊन त्याच्यामागे धावणं हा उपाय नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘हत्ती पिसाळला’ अशी बातमी मोबाईलवर आली, तर ती फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. नर की मादी? वय साधारण किती? आणि सोबत कोण आहे? निम्मी गोष्ट तिथेच उलगडते. घरातल्या मुलांनाही हे प्रश्न शिकवा. देवळातल्या हत्तिणीला भेटतानाही ते उपयोगी पडतील.