पोरांची विजेची सायकल आणि आपण

सुट्ट्या लागल्या की पूर्वी मुलं पतंग, क्रिकेट, फार तर कॅरम यांत रमत. आता आमच्या छावणीतल्या गल्लीत निराळंच वारं शिरलंय. चार-पाच मित्र जमतात, रविवारी जाफरगेटच्या बाजारातून जुनी सायकल आणतात, चाकात मोटार बसवतात, कॅरिअरवर बॅटरी बांधतात आणि म्हणतात, "काकू, पंधरा दिवसांनी शर्यत आहे!" ओसरीवर वायरींचं जाळं, फरशीवर ग्रीसचे डाग आणि चहाच्या कपात स्क्रू! कुठल्या आईचा जीव वरखाली होणार नाही?

शाळेतल्या पालकसभेत दोघी-तिघींनी मला हेच विचारलं, "बाई, करू द्यावं की नको?" मी पडले मराठी शिकवणारी. पण घरचा पुतण्याच या उद्योगात असल्यामुळे त्याला आणि त्याच्या सरांना खोदून खोदून विचारलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, हे खूळ काही आजचं नाही. चाकाच्या मधोमध मोटार बसवलेल्या सायकलीचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने १८९५ सालीच घेतलं होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः गाडी बांधून पळवायची 'बाहा' स्पर्धा २००७ पासून भरते, आणि २०१५ पासून तिच्यात विजेवरच्या गाड्यांचीही 'ई-बाहा' सुरू झाली. तिथे गाडी थेट मैदानात सोडत नाहीत. आधी कसून तपासणी होते. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं अडकली पाहिजेत. नाही अडकली, तर सहा महिन्यांची मेहनत तिथेच थांबते. मोठ्या स्पर्धेत जी शिस्त आहे, तीच घरच्या ओसरीवर का नसावी? म्हणून म्हणते, 'नाही' म्हणण्यापेक्षा 'हो, पण' म्हणावं.

पहिला 'पण' बॅटरीचा. सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. २०२२ च्या सप्टेंबरात वसईला एका घरात रात्री स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि सात वर्षांचं लेकरू भाजून दगावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरापासून सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, पण ते कारखान्यातल्या मालाला. ओसरीवर जोडलेल्या बॅटरीचा इन्स्पेक्टर कोण? आपणच!

लिथियमच्या एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचं नसतं. असे १३ सेल ओळीने जोडले की ४८ व्होल्टची बॅटरी होते, आणि तिच्या चार्जरवर ५४.६ हा आकडा असतो. तो आपल्या डोळ्यांनी वाचा. आधीच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर घरात पडलाय म्हणून तोच लावला, असं चालायचं नाही. आत 'बीएमएस' नावाची पट्टी हवीच. प्रेशर कुकरला जसा सेफ्टी व्हॉल्व्ह, तशी ही. व्हॉल्व्हशिवाय कुकर चढवाल का गॅसवर? जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून नव्यांत मिसळणं तर मुळीच नको. एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो, तसंच आहे हे.

चार्जिंग दिवसा, कुणी जागं असताना, उघड्या फरशीवर करावं. पडदे, गाद्या, रद्दी जवळ नको, आणि दाराच्या वाटेवर तर नकोच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. सायकल पळवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, मगच प्लग लावावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा लावू नये. धूर दिसला तर विझवायच्या नादी न लागता सगळ्यांनी बाहेर पडावं आणि १०१ ला फोन करावा.

दुसरा 'पण' ब्रेकचा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. पायडल मारून पंधराने जाणारी सायकल मोटारीवर तीसने पळू लागली, तर जुने झिजलेले रबर काय कामाचे? आधी ब्रेक, मग मोटार, हा क्रम ठेवा. ब्रेक दाबताच मोटार बंद पडेल असा लिव्हर मिळतो, तो घ्यायला लावा. हेल्मेट तर हवंच.

तिसरा 'पण' रस्त्याचा. आपला मिक्सर पाचशे-साडेसातशे वॅटचा असतो. कायद्यात मात्र २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या सायकलीलाच नंबरप्लेट-लायसन्समधून सूट आहे, आणि तीही पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या चाचणी संस्थेने पास केलेल्या मॉडेलला. पोरांना हवी असते हजार वॅटची! तेव्हा घरी बांधलेली सायकल कॉलेजच्या मैदानातच पळवायची, हे आधीच ठरवून घ्या. नगर नाक्याकडून वाळूजला जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा असतात. तिथे 'जरा बघून येतो' चालणार नाही, आणि गुरुवारी बाजाराच्या गर्दीत तर नाहीच नाही.

चौथा 'पण' पैशाचा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हिशेब असतो. एक वही घालून द्या. कोणी किती वर्गणी दिली, कुठली वस्तू केवढ्याला आणली, शर्यतीनंतर सायकल कोणाकडे राहणार, हे सगळं लिहून ठेवायला लावा. मैत्री मोटारीवरून नाही तुटत, न लिहिलेल्या पैशांवरून तुटते. विजेच्या बिलाची मात्र धास्ती नको. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरायला साधारण अर्धं युनिट लागतं.

आता मनातलं सांगते. या टोळक्यात बहुधा एखादी मुलगीही असते. आमच्या गल्लीतही आहे. सोल्डरिंगचा हात तिचाच सगळ्यांत स्थिर, पण संध्याकाळी सात वाजले की तिला घरून हाक येते आणि पोरांची चाचणी तिच्यावाचून होते. शर्यतीत सायकल कोण चालवणार, या यादीत तिचं नाव कोणी धरलंच नव्हतं. मी तिच्या आईला भेटले. म्हटलं, "वहिनी, चाचणी दिवसाउजेडी ठेवायला लावू, मी स्वतः उभी राहते, पण पोरीला सोडा." वहिनी खूप वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे यांना विचारते." दुसऱ्या दिवशी मुलगी ओढणी खोचून, हेल्मेट घालून हजर! शर्यतीत काय होईल ते होवो, तिचं नाव यादीत आलं.

मैत्रिणींनो, आपली मुलं बाजारातून तयार वस्तू आणून दोन दिवसांत कंटाळतात, ही आपलीच तक्रार ना? मग जी पोरं हात काळे करून काही बांधताहेत, त्यांना ओसरीवरून हाकलू नका. चहा द्या, आणि चहाबरोबर हे चार 'पण' द्या. ब्रेक आपल्यासमोर तपासल्याशिवाय आणि चार्जरवरचा आकडा वाचल्याशिवाय मात्र सायकल दाराबाहेर जाऊ देऊ नका.