जॅम लावलेला पाव
या आठवड्यात भाच्याच्या आग्रहाखातर तात्सुकी फुजिमोतोचं ‘चेनसॉ मॅन’ उघडलं आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही. २०१८ साली ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झालेली ही चित्रकथा. तिच्यातल्या सैतानांचा नियम भारी आहे: माणसं ज्या नावाला जितकी घाबरतात, तितका त्या नावाचा सैतान बलवान. म्हणून टोमॅटोचा सैतान किरकोळ, बंदुकीचा महाभयंकर! आणि नायक डेंजी? बापाचं कर्ज फेडायला स्वतःचं मूत्रपिंड नि डोळा विकलेला पोरगा. छातीत यांत्रिक करवतीचा सैतान, स्वप्न मात्र जॅम लावलेल्या पावाचं. हसता हसता गळा दाटतो. भुताखेतांच्या गोष्टीत भूक इतकी खरी मी क्वचितच वाचली. रक्तपात भरपूर आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती देऊ नका. तुम्ही मात्र वाचाच.