वीस पोरांची शाळाही शाळाच!

२०१८ मध्ये केंद्राने वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' ठरवलं. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. तोंडी आकांक्षा, हातात कुलूप! शिक्षणहक्काचे नियम सांगतात, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. शाळा लांब गेली की आधी मुलगी घरी बसते. तिला पोचवायला गेलेल्या आईची सोयाबीन सोंगणीची मजुरी बुडते. मग शाळा, सुरक्षा, मजुरी हे प्रश्न वेगळे कसे?

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर सरकारला जाब विचारला. आपण मात्र गटातटावरून भांडतो, शाळेचा पट कुणी मोजत नाही. मित्रांनो, ग्रामसभेत शाळेचा ठराव आधी लिहून घ्या. मत मागणाऱ्यांशी मग बोलू. जयभीम!